रंधा विकत घ्यायची गरज नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी सुतारकाम शिकणाऱ्यांसाठी हत्यारांची यादी छापली होती, ती वाचली आणि खरं सांगते, जरा चिडचिडच झाली. ड्रिल मशीन, जिगसॉ म्हणजे विजेची करवत, सँडर म्हणजे लाकूड घासायचं मशीन आणि वर इम्पोर्टेड लोखंडी रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करायचं हत्यार. एवढा खर्च करून कोण एक स्टूल करायला बसणार हो? आणि यादीत लाकडाचं एकही हत्यार नाही, खरं तर सुतारकामाच्या हत्यारांतली निम्मी आपली आपल्याला लाकडात बनवता येतात. मी बनवलीत. वय 63, बँकेतून रिटायर, आमच्यात कोणी सुतार नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, शाळेच्या वाटेवर सुतारमेट, म्हणजे सुताराची कामाची जागा होती, तिथं कुळव, पाभर अशी शेतीची अवजारं, बैलगाडीची चाकं चाललेली असायची आणि आम्ही पोरं ढलप्या गोळा करायला थांबायचो. तेव्हा कळलं नाही पण आता आठवतं की त्या सुताराकडं विकतचं असं फक्त लोखंड होतं, पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) आणि वाकसाचं (लाकूड तासायच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराचं) पातं लोहाराकडून यायचं, बाकी दांडे, मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, रंध्याचा ठोकळा सगळं त्यानं स्वतःच्या हाताच्या मापानं केलेलं. त्याचा रंधा दुसऱ्या कोणी धरला तर त्याला आवडायचं नाही.

सुरुवात मोगरीपासून करा. बाभळीचा चांगला वाळलेला तुकडा, 5 इंच लांब, 3 इंच रुंद, अडीच इंच जाड. दांड्याचं भोक वरच्या बाजूला थोडं मोठं आणि खाली लहान ठेवायचं आणि दांडा वरून खाली सोडायचा, कुदळीला घालतो ना तसा, म्हणजे प्रत्येक ठोक्याला डोकं अजून घट्ट बसतं, खिळा नको पाचर नको. माझी पहिली मोगरी फुटली कारण सोसायटीमागं पडलेल्या बाभळीचं ओलं लाकूड तसंच वापरलं, पंधरा दिवसात आरपार चीर. लाकूड वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष धरतात हे मला नंतर समजलं. तेव्हापासून मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी चौकटीचे तुकडे आणते, ते आधीच कित्येक वर्षं वाळलेले असतात, फक्त खिळे नीट शोधून काढा नाहीतर करवतीचे दात गेलेच म्हणून समजा.

आता रंधा. जुन्या पद्धतीनं अख्ख्या ठोकळ्यात पटाशीनं पोकळी कोरायची म्हणजे नवशिक्याला अवघड, माझ्या रंध्याचं तर तोंडच, म्हणजे तळाला पातं बाहेर येतं ती फट, वाकडी झाली होती. सोपी पद्धत जेम्स क्रेनॉव्ह या फर्निचर कारागिरानं लोकप्रिय केली, जन्म सायबेरियातला, सुतारकाम स्वीडनमध्ये शिकला आणि 1981 पासून कॅलिफोर्नियात शिकवायचा. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूच्या पातळ फळ्या आधी करवतीनं उतरवायच्या, मधल्या तुकड्याला पातं टेकायला 45 अंशाचा उतार आणि पुढं ढलप्या बाहेर यायला साधारण 60 अंशाचा उतार कापायचा, मग दोन्ही फळ्या परत फेव्हिकॉलनं चिकटवायच्या. आरपार एक आडवी खुंटी, आणि पातं आणि खुंटीच्या मध्ये लाकडी पाचर. झाला रंधा. पातं मी जुन्या बाजारातून 80 रुपयाला आणलं, गंजलेलं होतं पण पोलाद चांगलं, दगडावर दोन दिवस घासलं.

गोम आहे ती तोंडात. पात्यापुढची फट एक मिलिमीटरच्या आत पाहिजे, माझ्या पहिल्या रंध्याची पाच-सहा झाली आणि तो लाकूड तासायच्या ऐवजी ओरबाडायला लागला. तळ सपाट करताना काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासायचा, पण पातं आणि पाचर ठोकून बसवलेली असतानाच, फक्त पातं थोडं मागं ओढून, कारण पाचरीच्या ताणानं तळ किंचित बदलतो. आमच्या बिल्डिंगमध्ये काम करणारे मिस्त्री आधी हसले, काकू कशाला एवढं, रेडीमेड मिळतो की. मग सागाच्या फळीवर मारून बघितला आणि गप्प झाले, दुसऱ्या दिवशी विचारत होते पातं कुठून आणलं.

लाकडी रंध्याला स्क्रू नसतो. पातं खाली न्यायचं तर पात्याच्या वरच्या टोकाला हलकी टिचकी, मागं घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या बाजूला ठोका. दोनचार दिवसात हाताला सवय होते, तोवर चिडू नका.

गुण्यासुद्धा, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, घरी होतो. आणि विकतचा असला तरी तपासून घ्या, फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, मग पालटा घालून त्याच जागी दुसरी रेघ मारा, दोन्ही एकावर एक आल्या तर बरोबर. नाही आल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. माझ्याकडचा दुकानातला चुकीचा निघाला, घरचा बरोबर.

पॉवर टूल वाईट असं मी म्हणत नाही, ड्रिल माझ्याकडंही आहे. पण दुपारी दोन वाजता सँडर लावला की खालच्या मजल्यावरून फोन येतो, रंध्याला आजवर कुणाची तक्रार नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत निदान मोगरीचं आणि रंध्याचं मापासहित चित्र छापा, मी वहीत काढलेलं पाठवायला तयार आहे. आणि त्याखाली एक ओळ जरूर टाका की पावसाळ्यात रंधा बाल्कनीत ठेवू नये आणि काम झालं की पाचर सैल करून ठेवावी. मी यंदा जूनमध्ये विसरले, पाचर अशी फुगली की शेवटी मोगरीनंच काढावी लागली.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे