माटोळीची शिडी

म्हापसा,
रविवार, संध्याकाळ

प्रिय विजू,

ख्रिस्ती माणसानं शहरात कुठवर मिसळावं, असं तू विचारलंस. अरे, इथे माझी पंचाईतच वेगळी. मराठी बोलतो म्हणून शेजाऱ्यांनी आधी मला हिंदू धरलं. नाव कळल्यावर माझ्याशी कोकणीत बोलायला लागले! मराठीतून प्रार्थना करणारा नगरचा ख्रिस्ती म्हणजे इथे नवलच.

आणि इथेच गोव्यात, रायतूरला, १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीत, ओवीत. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना पुराणं ऐकायची सवय, म्हणून त्या इंग्रज पाद्र्यानं त्यांना पुराणच दिलं. तोही धर्म पसरवायलाच आला होता, हे विसरत नाही मी. पण १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी इथली भाषाच सोडा असा हुकूम काढला, त्यापेक्षा तो बरा.

आता तुझा दुसरा प्रश्न, शेजाऱ्यांच्या आरतीला उभं राहावं का. चवथीला शेजारच्या काकांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, मी बांधतो. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून शिडीवर मी; खालून ते सुपारीचे शिपटे, नारळ देतात आणि वाकडं बांधलं की ओरडतात. आरतीच्या वेळी मी बाहेर सोप्यावर बसतो. कुणी काही म्हणत नाही. प्रसादाचं मात्र जड गेलं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं का, यावर बायबलातलं पौलाचं करिंथकरांस पत्र चारदा वाचलं, तरी मन स्वस्थ होईना. शेवटी काकींना सरळ सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. तेव्हापासून नैवेद्य दाखवण्याआधीच माझ्या डब्यात नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, काढून ठेवतात. नाताळात येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत त्यांचाच नातू आणतो.

बायबलात यिर्मयाच्या २९व्या अध्यायात आहे ना, ज्या नगरात नेलं त्याचं हित पाहा म्हणून? ते बंदिवानांना लिहिलेलं. मी तर पगारासाठी आलोय. तरी गटार तुंबलं की सोसायटीच्या बैठकीला जातो. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू.

ईस्टरनंतर इथल्या मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला (सणाला) ये. शिरगावची लइराई देवी तिची बहीण, असं इथले लोक मानतात. हिंदूही तेल घेऊन येतात. आपल्या पाळकांना पटेल न पटेल, तू डोळ्यांनी बघ. आणि येताना ज्वारीचं पीठ आण. इथल्या पिठाची भाकरी थापताना मोडते.

तुझाच,
सॅम्या