‘परांची कोणाची होती?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

भरपाईचा निकाल लागला म्हणून आणलेला पेढ्यांचा पुडा तुम्ही परत केलात आणि म्हणालात, "मला नको. कुठेतरी लिहून टाक, दुसऱ्या एखाद्या रंगाऱ्याच्या कामी येईल." म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका नव्या बिल्डिंगला बाहेरून प्रायमर मारत होतो. परांचीची फळी सरकली आणि दुसऱ्या मजल्यावरून मी खाली आलो. उजवी टाच फुटली, डावं मनगट मोडलं. तिसऱ्या दिवशी ठेकेदार सिव्हिलच्या वॉर्डात स्टॅम्प पेपर घेऊन आला. 25,000 रुपये रोख देणार होता. कागदावर होतं की मी स्वतंत्र कारागीर, काम अंगावर घेतलेलं, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरात पैसा नव्हता. बायकोही म्हणाली, घेऊन टाका. मी पेन हातात घेतलं होतं.

शेजारच्या खाटेवर तुमचे मेहुणे होते. तुम्ही त्यांना मोसंबी सोलून देत होता. मान वर न करता विचारलंत, "परांची कोणाची होती रे?"

म्हटलं, ठेकेदाराची. "रंग?" त्याचाच. "सकाळी किती वाजता यायचं, कोणती भिंत धरायची, हे कोण सांगायचं?" मुकादम. "तुझ्या हाताखाली पोरं?" नाही. "तुझ्याऐवजी भावाला पाठवलं असतंस तर चाललं असतं?" नसतं चाललं. मग तुम्ही ठेकेदाराकडे बघून म्हणालात, "याचे फक्त ब्रश आहेत. हा कसला मालक?"

कामगार न्यायालयात कारकुनीत तुमची हयात गेली, हे मला नंतर कळलं. मी मात्र दहा वर्षं स्वतःला स्वतंत्र समजत होतो. स्क्वेअर फुटावर पैसे घेतो, खाडा झाला तर कोणी कापत नाही, म्हणजे मी कोणाचा नोकर नाही, अशी माझी समजूत. तुम्ही सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसची केस सांगितलीत. तिथल्या शिंप्यांना नगावर पैसे मिळायचे, मशीन दुकानाची होती, आणि सुप्रीम कोर्टाने 1973 साली त्यांना कामगारच मानलं. पैसे कसे मोजतात यावर सगळं ठरत नाही, काम कोणाच्या ताब्यात आहे तेही बघतात. हे मला त्या खाटेवर पडल्या पडल्या समजलं.

सहीचं तर तुम्ही एका वाक्यात मिटवलंत. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923, कलम 17: भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द. "पण म्हणून सही करू नकोस," असंही बजावलंत, "कोर्टात दोन वर्षं तेच चघळत बसतील."

दुसऱ्या दिवशी तुम्ही केसपेपर बघायला लावलात. मला आणणाऱ्या मुकादमाने ‘घरी गच्चीवरून पडला’ असं सांगून ठेवलं होतं. मी शुद्धीवर होतो, पण कळांपुढे मला कशाचं भान नव्हतं. तुम्ही डॉक्टरांना विनंती केलीत, माझा जबाब माझ्याच तोंडून नोंदवला गेला. एक ओळ होती काका, पण तिच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

शंभर पानी वहीसुद्धा तुम्हीच आणून दिलीत. हजेरी, उचल, सोबत काम करणाऱ्यांची नावं, सगळं आठवून तीत लिहिलं. भरपाईच्या अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, आम्ही आठ महिन्यांत केला. उत्पन्न कमी म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाले. ठेकेदाराबरोबर बिल्डरलाही सामनेवाला केला, कारण कलम 12 प्रमाणे स्वतःच्या धंद्यातलं काम दुसऱ्याकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईला बांधील असतो. मी सेफ्टी बेल्ट लावला नव्हता, असं त्यांनी मांडलं. बेल्ट साइटवर आलाच नव्हता. जो दिलाच नाही तो मुद्दाम लावला नाही, असं कसं म्हणणार?

हिशेबही इथे देतो, कारण रंगाऱ्यांना तो कोणी सांगत नाही. अपघाताच्या वेळी माझं वय 40, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा गुणक 184.17. कमाई 18,000 च्या आसपास, पण कायदा 15,000 पर्यंतच धरतो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. गुणिले 184.17, म्हणजे 16,57,530. डॉक्टरांनी कमाईची क्षमता 30 टक्के गेल्याचं लिहिलं, म्हणून 4,97,259 रुपये. वर सालाना 12 टक्के व्याज आणि औषधपाण्याचा खर्च. कुठे ते 25,000! (21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. माझं प्रकरण जुन्यातलं, म्हणून नव्याने अर्ज करणाऱ्याने आजचे नियम विचारून घ्यावेत.)

तुमची एक गोष्ट मात्र तेव्हा मनाला लागली होती. निकालानंतर म्हणालात, "परांची तुझी असती, हाताखाली दोन पोरं असती, तर तुला यातलं काही मिळालं नसतं. उलट पोरं पडली असती तर तूच सामनेवाला." माझ्या साडूचं तसंच आहे. तो खरोखर स्वतःच्या नावावर कामं घेतो. त्याला मी बँकेत नेऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरायला लावला. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख. एवढ्याने संसार सावरत नाही, हे त्यालाही सांगितलं.

मला आता उंचावर चढता येत नाही. सिडकोत, पाथर्डी फाट्याला आतली कामं घेतो. दिवाळीपासून दोन पोरं हाताशी आहेत. त्यांची हजेरी तुम्ही दिलेल्या त्याच वहीत लिहितो, उरलेल्या पानांवर. दोघांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची आहे, 90 दिवसांच्या कामाचा दाखला या महिन्यात मीच देणार आहे.

बायको म्हणते, पेढे नको तर नको, पण एकदा जेवायला यायला सांगा. काकूंनाही घेऊन या.

तुमचा,
खाट नंबर 14 चा रंगारी