माडांमधलं अंतर

गुहागर, आषाढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागून राहिलाय, पडवीत बसून लिहितोय. तू विचारलंस, धातूत हायड्रोजन शिरतो म्हणजे जांभ्यात पाणी मुरतं तसा का? मलाही संशोधनाच्या पहिल्या वर्षी तसंच वाटायचं. पण जांभा पाणी पिऊन फुगत नाही. लँथॅनम धातूच्या एका अणूमागे पाच निकेल असं जे संयुग, त्याचा चकचकीत तुकडा मी हायड्रोजनमध्ये ठेवला, उघडून बघतो तर भुकटी! नमुना नासला म्हणून रात्रभर डोळा लागला नाही. पण घडायचं तेच घडलं होतं. एका लँथॅनममागे सहाच्या आसपास हायड्रोजन आत जातात, आकारमान सुमारे २५ टक्के वाढतं आणि ठिसूळ तुकडा तडकतो. कळीचा चुना पाण्यात फुटतो ना, अगदी तसा.

सुरुवातीला थोडाच हायड्रोजन धातूच्या अणूंच्या जाळीत विरघळतो, ती अल्फा फेज, म्हणजे पहिली अवस्था. मग भरगच्च बीटा फेज जन्मते आणि अल्फा संपेपर्यंत दोघी शेजारी नांदतात. तोवर हायड्रोजनचा दाब जवळजवळ हलत नाही.

माझा जीव मात्र अडकलाय तो अणू बसतात कुठे यात. धातूच्या अणूंमध्ये फटी पुष्कळ, हायड्रोजनपेक्षा कितीतरी जास्त. तुमच्या आगरात माड लावताना आजोबा पंचवीस फुटांची दोरी धरायचे, आठवतं? मधे जागा मोकळी दिसली तरी तिथे माड नाही. इथेही दोन हायड्रोजनांत साधारण २.१ अँगस्ट्रॉम लागतात (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). एक बसला की लगतच्या फटी रिकाम्याच. ऊब असेल तर अणू जागा बदलत राहतात, म्हणून सरासरीत फट 'अर्धी भरलेली' निघते. अर्धा अणू कुठेच नसतो, हे नीट उमगायला मला फार दिवस लागले. काही हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन भरलेले धातू, थंड केली की भटकणं थांबतं, प्रत्येकाची जागा ठरते आणि जाळीची सममिती उतरते.

हे क्ष-किरणांना धड दिसत नाही, हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन. म्हणून न्यूट्रॉन वापरायचे, आणि नमुन्यात ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, भरायचं, कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन चहूकडे उधळून चित्र गढूळ करतो. लँथॅनम-निकेलमध्ये ड्युटेरियम ठासून भरलं की अणू असे रांगेला लागतात की षट्कोनी कोशाची, म्हणजे जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याची, उंची दुप्पट धरावी लागते. न्यूट्रॉनच्या आलेखात त्याची खूण म्हणजे काही बारीकशी शिखरं. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आजोबांच्या दोरीला अपवादही आहे बरं का. लँथॅनम-निकेल-इंडियममध्ये दोन ड्युटेरियम अवघ्या १.६ अँगस्ट्रॉमवर सापडलेत, मधे लँथॅनमच्या तीन अणूंचा त्रिकोण. सध्या रात्री तेच वाचतोय.

गणपतीला येशील तेव्हा आलेख दाखवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र