घोडीच्या खोकल्याबद्दल

चांदूर बाजार, जि. अमरावती

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवाच मिळाले. घोडी सकाळी दावणीवर खोकते आणि तिचे आता वय झाले असावे, असे तू लिहिले आहेस. ते वाचून राहवले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या घोडीबद्दल मीही हेच म्हणत बसलो आणि त्यात तिचा अख्खा पावसाळा हालात गेला.

उभ्या जागीच तिच्या नाकपुड्या फुललेल्या असत, श्वास सोडताना पोट दोनदा आवळले जाई आणि बरगड्यांखाली खाच पडे. स्वस्थ उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला 8 ते 16 असतात. तिचे मी घड्याळ लावून मोजले, ते 28 भरले. इंजेक्शनने चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. अखेर पशुवैद्यकांनी वैरणीची गंजी पाहायला मागितली. वरून पिवळाधमक दिसणाऱ्या कडब्याची एक पेंढी त्यांनी दारातल्या उन्हात झटकली, तेव्हा धुरासारखी राखाडी धूळ उठली आणि मलाच ठसका लागला. सवंगणीत, म्हणजे कापणीत, पाऊस लागून पेंढ्या ओल्याच बांधल्या गेल्या होत्या, त्यांना आतून बुरशी धरली होती. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, त्यामुळे वैरणीत नाक खुपसून खाताना ही धूळ सरळ फुफ्फुसात उतरते. एकदा या धुळीची ॲलर्जी जडली की ती पुरती जात नाही. धूळ मात्र टाळता येते.

बुरसलेली वैरण भिजवली म्हणून चांगली होत नाही, हे आधी लक्षात घे. ती फेकूनच दे. चांगला कडबासुद्धा मी अर्धा तास हौदात बुडवून, निथळून, ओला असतानाच घालतो, कारण वाळला की धूळ पुन्हा मोकळी होते आणि आपल्या उन्हात उरलेला आंबतो. सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीचा धुळकट भुसा, तिला पूर्ण बंद केले. वैरण जमिनीलगत ठेवतो, म्हणजे मान खाली राहून नाकातला शेंबूड वाहून जातो. गंजीला लागून असलेल्या कोठ्यातून काढून तिला निंबाखाली बांधले, आणि कोठा झाडताना तिला जवळ येऊ देत नाही. उतार पडायला काही आठवडे लागले, पण पडला. डॉक्टरांचे औषध मात्र मनाने बंद करू नकोस.

उद्या पहाटे, वैरण टाकण्याआधी, तिचे श्वास मोजून मला कळव. रविवारी मी चांगल्या कडब्याच्या पेंढ्या गाडीत घालून येतो. तोवर तिला गंजीपासून दूर बांध.

तुझा स्नेहांकित मित्र