टॉपरचे फोटो छापा, पण शेजारी कागदांची यादीपण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. जून-जुलैत ॲडमिशनच्या वेळी माझा धंदा जोरात असतो म्हणून खरं तर मी तक्रार करायला नको, पण दरवर्षी तेच बघून आता राहवत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर (आरक्षणासाठी उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला), सगळं त्याच पंधरा दिवसांत हवं असतं आणि मग आईबाप एजंटला हजार-दोन हजार देऊन मोकळे होतात. अहो नॉन क्रिमिलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि व्हॅलिडिटीला कधी कधी महिनेच्या महिने जातात, मूल अकरावी-बारावीला असतानाच हे करून ठेवायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल हा शहाणा. नाही हो, मी स्वतःच आपटलोय. २०१९ ला पोराला इंजिनिअरिंगला घालायचं होतं, पहिल्या राउंडला मनासारखं कॉलेज लागलं नाही आणि एका कॉलेजचा माणूस म्हणाला सीटा संपत आल्यात, आमच्याकडे इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, लगेच देतो. मी पण घाबरून पैसे भरले. नंतर कळलं की कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन नसेल तर स्कॉलरशिपच नाही. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखाच्या कितीतरी खाली, म्हणजे निम्मी ट्यूशन फी सरकारने भरली असती. वर्षाला पंचेचाळीस हजार धरा, चार वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. एवढ्या पैशाच्या किती झेरॉक्स काढाव्या लागतात याचा हिशोब मी केला नाही, करणार पण नाही.

मुलीच्या वेळी मग कान पकडला. २०२४ च्या जुलैत सरकारने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के द्यायचं ठरवलं, तीच मर्यादा आठ लाखाची आणि ॲडमिशन कॅपमधूनच. तरी कॉलेजच्या काउंटरवर आम्हाला सांगितलं आधी पूर्ण भरा, शासनाचे आले की परत देऊ. मी जीआरची झेरॉक्स (आपलीच) पुढे ठेवली, मग साहेब आत जाऊन आले आणि म्हणाले बरं, डेव्हलपमेंट फी तेवढी भरा. ती माफ नाही, हे लोकांना माहीतच नसतं आणि मग वाटतं योजनाच खोटी. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर प्रत्येक कॉलेजची ट्यूशन वेगळी आणि डेव्हलपमेंट वेगळी लिहिलेली असते, कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी एकदा बघितली तर काय बिघडतं.

अजून एक. शेजारच्या पोराने दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला आणि इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेला. तीन अधिक तीन सहा वर्षं, अकरावी-बारावी करून गेलेल्यालाही दोन अधिक चार सहाच लागतात. फक्त याचे दोन वर्षांचे क्लासचे पैसे वाचले, आणि आमच्याकडे क्लासची फी किती झालीय ते तुमच्याच पेपरातल्या पहिल्या पानाच्या जाहिरातवाल्यांना विचारा.

स्कॉलरशिपसाठी महाडीबीटीचा (सरकारच्या पोर्टलचा) फॉर्म भरला की झालं असं पण नाही, दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं. आणि पैसे आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलंय तिथेच जातात. मागच्या वर्षी एक मुलगी रडत दुकानात आली, पैसे जमा दाखवतंय पण खात्यात नाहीत. निघाले कुठे, तर आठवीत असताना शाळेने काढून दिलेल्या खात्यात, पासबुक कुठंय ते आईला पण आठवेना.

राहण्या-जेवणाचं तर कुणी विचारतच नाही, जिथं खरा खर्च आहे. पुण्यात नुसतं कॉट बेसिस आणि मेसचं बिल बघितलं तर फी बरी वाटते. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे, ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अटी वेगवेगळ्या आहेत, पण विचारलं तर पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी नावंसुद्धा ऐकलेली नसतात.

तर विनंती एवढीच, निकालाच्या दिवशी टॉपरचे पेढे भरवतानाचे फोटो छापता ते छापाच, पण त्याच्या आधी मे महिन्यात एक चौकट टाका, कुठला दाखला कुठून काढायचा, किती दिवस लागतात, कॅप म्हणजे काय आणि इन्स्टिट्यूट लेव्हल म्हणजे काय. कात्रण दुकानाच्या काचेवर लावतो, त्याची झेरॉक्स कुणालाही फुकट.

आपला,
एक झेरॉक्सवाला पालक
बार्शी, जि. सोलापूर