भरवसा ठेवणाऱ्याचाही चित्रपट पडतो

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत खानदेशातील स्वतंत्र चित्रपटकर्त्यांवर नुकताच लेख आला. त्यात एका तरुण दिग्दर्शकाने ‘देवावर भरवसा ठेवला की मार्ग निघतोच’ असे म्हटले होते, आणि पुढच्याच आठवड्यात एका वाचकाने ‘ज्यांचे चित्रपट चालत नाहीत त्यांनाच देव आठवतो’ असा शेरा मारला. मी धुळे जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, सभासद असून नोकरी सांभाळून अहिराणीत आणि मराठीत लघुपट करतो. एक मोठा चित्रपटही मित्रांच्या साथीने पूर्ण केला आणि तो चित्रपटगृहात आठवडाभरही टिकला नाही. त्यामुळे दोन्ही विधाने माझ्या अंगावरून गेलेली आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिल्यात देवाला वितरक केले आहे, दुसऱ्यात मलमपट्टीवाला. ख्रिस्ती माणूस ज्याला भरवसा म्हणतो तो चित्रपट लागण्यापूर्वी जेवढा हवा असतो तेवढाच तो उतरल्यानंतरही हवा असतो, आणि तिकीटबारीशी त्याचा रोखीचा व्यवहार नसतो, एवढे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की चित्रपटाचे अपयश एकदाच, शुक्रवारी, तिकीटबारीवर घडते. प्रत्यक्षात ते किती तरी आधी, हप्त्याहप्त्याने येत असते. पतसंस्थेचे कर्ज किंवा घरातले सोने यांवर काम सुरू होते. कॅमेरा आणि लेन्स पुण्या-मुंबईहून दिवसाच्या भाड्याने येतात आणि पाऊस कोसळला तरी त्या दिवसाचे भाडे चुकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, म्हणून दुपारची दृश्ये पहाटे नाही तर संध्याकाळी उरकावी लागतात, आणि दोन्ही वेळचा उजेड सारखा दिसत नाही हे संकलनाच्या टेबलावर कळते. लग्नसराई आली की अर्धे कलाकार वऱ्हाडात असतात. एवढे सगळे पार पडले की १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालील सेन्सॉर प्रमाणपत्राचा टप्पा येतो. त्यात सेन्सॉर मंडळाशी मतभेद झालाच तर पूर्वी अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे. ते २०२१ मध्ये बंद झाल्यापासून उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो, आणि तो खर्च झेपणारा निर्माता आमच्याकडे मी तरी पाहिलेला नाही. शेवटी डिजिटल प्रतीचे आणि ती पडद्यापर्यंत पोहोचवण्याचे पैसे भरून जो खेळ पदरी पडतो, तो बहुधा सकाळचा असतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवण्याचे बंधन घातले खरे. पण पुढे त्या वेळेची व्याख्या दुपारी बारापासून सुरू झाली, आणि कामाच्या दिवशी दुपारी बाराला तिकीट काढून बसणारा प्रेक्षक कोणता, हे कोणी सांगितले नाही.

हा तपशील तक्रार म्हणून दिलेला नाही. यांतील बहुतेक अडचणींना साधी, ऐहिक कारणे असतात, आणि ती शोधण्याऐवजी ‘देवाची इच्छा नव्हती’ असे म्हणून मोकळे होणे हा मला विश्वास वाटत नाही. चित्रीकरणाच्या मूळ फायलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा या धंद्यातला जुना नियम आहे. तो न पाळता हार्ड डिस्क बंद पडली तर ती सैतानाची चाल ठरत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू विचारतो की बुरूज बांधू पाहणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करत नाही काय, नाहीतर पाया घालून काम अडले की पाहणारे त्याची थट्टा करतील. दाखला शिष्यत्वाच्या किमतीचा आहे हे मान्य, पण येशूने उदाहरण निवडले ते अंदाजपत्रकाचे, आणि आमच्या मंडळ्यांतील कलाप्रेमी तरुणांना हा उतारा फारसा कोणी वाचून दाखवत नाही. त्यांना ‘विश्वासाने पाऊल टाक’ एवढेच सांगितले जाते, आणि पाऊल टाकल्यावर व्याजाचा दर कोणी विचारत नाही.

याहून त्रासदायक असते ते अपयशानंतरचे स्पष्टीकरण. चित्रपट उतरल्यावर भेटायला येणारे काही बांधव हमखास कारण शोधून आणतात: प्रार्थना कमी पडली, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मंडळीला दिला नसेल, विषय देवाला आवडला नसेल. बायबलमधील ईयोबावर, तो नीतिमान असूनही, संकटे कोसळली तेव्हा त्याच्या तीन मित्रांनी हेच केले होते. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो, आणि इतके वादळी बोललेला ईयोब मात्र यथार्थ बोलला असे म्हणतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, हेही येशूचेच शब्द आहेत. तरीही ‘पेरणी करा, शंभरपट मिळेल’ अशी शिकवण सभांतून आणि मोबाईलवरून आमच्याकडे पोहोचली आहे, आणि तिच्या मापाने मोजले तर पडलेला प्रत्येक चित्रपट हा दिग्दर्शकाच्या पापाचा पुरावा ठरतो.

खरे तर हे मोजमाप खानदेशातल्या ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, कारण आम्ही बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले आहोत. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेला लोक ज्वारी, मका, भोपळे, कोंबडी असे जे हाती असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. ज्या वर्षी कापूस बोंडअळीने खाल्ला त्या वर्षीही ही उपासना रद्द झाल्याचे मला आठवत नाही. आणलेल्या टोपल्या लहान होत्या इतकेच. अंजिराला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे हबक्कूक संदेष्टा म्हणतो, आणि पुढच्या वर्षी पीक दुप्पट येईल असे आश्वासन त्याला त्या ओळींत मिळालेले नाही. शेतात नापिकी झाली म्हणून ज्या माणसाला आपण अधार्मिक म्हणत नाही, त्याच्याच मुलाचा चित्रपट पडला की आपण वेगळा न्याय का लावतो, हा माझा आमच्या मंडळ्यांना प्रश्न आहे.

बायबलमधल्या योसेफाची गोष्ट चित्रपटकर्त्यांना फार सांगितली जाते: खड्डा, गुलामी, तुरुंग आणि मग राजवाडा. सांगणाऱ्याचा डोळा राजवाड्यावर असतो. मला मात्र ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ४० व्या अध्यायाचा शेवट आणि ४१ व्याची सुरुवात यांमधली फट अधिक महत्त्वाची वाटते. योसेफाबरोबर तुरुंगात असलेला प्यालेबरदार, म्हणजे राजाला पेय देणारा सेवक, सुटला आणि योसेफाला विसरला, इथे एक अध्याय संपतो. दुसरा ‘पूर्ण दोन वर्षांनंतर’ असे म्हणून उघडतो. संकलक जिथे कापतो तिथेच पवित्र शास्त्राने कापले आहे. पण योसेफाला ती दोन वर्षे कापून टाकता आली नाहीत, ती त्याला दिवसागणिक काढावी लागली, आणि त्या काळात त्याच्याकडे होते ते तुरुंगातल्या कैद्यांची देखरेख करण्याचे, अधिकाऱ्याने सोपवलेले काम. लक्षात घेण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी की त्याने प्यालेबरदाराला फारो राजापाशी आपला शब्द टाकण्याची स्पष्ट विनंती केली होती. भरवसा ठेवणाऱ्याने शिफारस मागू नये, निर्मात्याला फोन करू नये, नकार आल्यावर पुन्हा विचारू नये, असे समजणाऱ्यांनी ते वाक्य वाचावे. प्रेषित पौलानेही अंगातला काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा मागणे केले. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर आले. उत्तर न मिळणे आणि नकार मिळणे यांत फरक आहे, आणि त्याला मिळाले ते उत्तर होते.

मग या भरवशाने प्रत्यक्षात काय बदलते, असे तो शेरा मारणारा वाचक विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. आमच्यापुरते सांगतो. हातात थोडे पैसे उरले असतील तर ते परदेशी महोत्सवांच्या प्रवेशशुल्कात न घालता आधी दिवे उचलणाऱ्या आणि चहा-नाश्ता सांभाळणाऱ्या मुलांची मजुरी चुकती करायची, हा निर्णय निकालाच्या भीतीतून घेता येत नाही. दरमहा बक्षिसे वाटणारे काही महोत्सव निव्वळ शुल्कावर चालतात, आणि त्यांच्या निवडीचे चिन्ह असलेली पानांची सुवर्णमाळ पोस्टरवर छापली की गावात मान वाढतो. ती न छापणे सोपे नसते. कर्ज दिलेल्या नातेवाइकाला रस्ता बदलून चुकवण्याऐवजी घरी जाऊन ‘पैसे बुडालेले नाहीत, पण उशीर होईल’ असे सांगण्याचे बळ मला कोणत्याही प्रेरणादायी भाषणातून आलेले नाही. आणि रविवारचा पेच आहेच. आमच्या कलाकारांत कोणी शिक्षक, कोणी एसटीत वाहक, कोणी यंत्रमागावर. सगळे मोकळे असतात ते रविवारी, आणि सकाळचा उत्तम उजेड नेमका उपासनेच्या वेळी असतो. आम्ही दुपारनंतर सुरू करतो. उजेड गमावतो, हे खरे आहे, आणि तसे केल्याने चित्र सुधारते असा माझा दावाही नाही.

ख्रिस्ती चित्रपटकर्त्याला दोन्हीकडून एक वेगळा जाच असतो, त्याचाही उल्लेख करतो. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर किंवा अक्कलकुव्याच्या बाजूला, ख्रिस्ती नावाच्या माणसाने कॅमेरा लावला की ‘यात धर्माचे काही आहे का’ अशी विचारणा होते, मग कथा विहिरीच्या भांडणाची का असेना. उलट मंडळीतले ज्येष्ठ विचारतात की यात साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची जाहीर कबुली, कुठे आहे, शेवटी कोणाचा बाप्तिस्मा का नाही. विहिरीचे भांडण खरेपणाने दाखवणे हीच माझी त्या गोष्टीपुरती साक्ष आहे, असे मी दोघांनाही सांगतो, आणि दोघांचेही समाधान होत नाही.

या संदर्भात दादासाहेब फाळके यांचे स्मरण टाळता येत नाही. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला, आणि तो पाहताना डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिल्याचे त्यांनी पुढे स्वतः लिहिले. भारतीय चित्रपटाची ठिणगी तिथे पडली याचा आम्हा ख्रिस्ती लोकांना आनंद वाटतो, परंतु त्यावर हक्क सांगण्यासारखे त्यात काही नाही. त्यांनी जे केले ते त्यांच्या श्रद्धेतून केले. मला भिडतो तो पुढचा भाग. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टी गेली, विम्याचा कागद गहाण पडला, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपण गोष्ट इथे थांबवतो, पण बोलपट आल्यावर तोच माणूस मागे पडला आणि १९४४ मध्ये नाशिकला जवळजवळ विस्मृतीतच वारला. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, तो पाहायला ते नव्हते. आमच्या परंपरेत कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचे महाकाव्य अपुरे राहिले आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले, ज्यांना लिहिणे-वाचणे लग्नानंतर शिकावे लागले होते. आपल्या हातून सुरू झालेले काम आपल्याच हयातीत फळाला आले पाहिजे, अशी अट या दोघांपैकी कोणाच्या आयुष्याला लावता येत नाही.

आता मागण्याविषयी, कारण योसेफाप्रमाणे मागायला मलाही संकोच नाही. नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी आपली नाट्यगृहे रिकाम्या दिवशी स्थानिक चित्रपटांना परवडणाऱ्या भाड्यात द्यावीत. मंडळ्यांनी आपली सभागृहे उपासनेव्यतिरिक्तच्या वेळी उघडावीत, विषय धार्मिक नसला तरी, आणि आलेल्यांनी फुकट पास न मागता तिकीट घ्यावे. शेजारच्या मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या तरुणांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रपट केले आणि त्यांच्या गावाने ते पैसे देऊन पाहिले. आपल्याकडे कौतुक भरपूर होते, तिकीट मात्र विकले जात नाही. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की शुक्रवारच्या चित्रपटांच्या पानावर धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे होणाऱ्या स्थानिक खेळांची वेळ, ठिकाण आणि तिकिटाचा दर छापावा. परीक्षण वाईट आले तरी चालेल, फक्त ते खेळ संपण्याआधी यावे.

आपला विश्वासू,
एक लघुपटकार, धुळे