केशरी पट्टा डोक्याकडे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एवढंच बोललास, "नाना, एस्कॉर्टला मी चाललोय." पुढं तूही गप्प, मीही गप्प. पडलेल्या जवानाचं पार्थिव त्याच्या घरी पोहोचवायचं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. श्रीनगरच्या बदामीबाग छावणीत पुष्पचक्रं वाहून विमान सुटेपर्यंत वाचून होईल. तुझ्या आईला अजून काही बोललो नाही.

कागदांचं पाकीट अंगावर ठेव, बॅगेत नको. मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेमचा अहवाल, एफआयआरची प्रत, एम्बामिंगचा दाखला. हा शेवटचा नसेल तर नागरी विमानात पेटी घेत नाहीत. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढ; गावात तलाठी एक मागतो, ग्रामसेवक दुसरी, आणि मूळ प्रत भलत्याच्याच खिशात जाते. त्याच्या सामानाची यादी सहीनिशी दे. मोबाईल मात्र बंद करून ठेव. वाटेत तो वाजला तर तुला पेलायचं नाही.

तुझी लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्यातली नोंद, निघाली का? सात महिने झाले. असो, आत्ता तो विषय नाही.

पेटी उघडायची का, हे तिथल्या डॉक्टरांनाच विचारून घे. चेहरा दाखवण्यासारखा असेल तर घरात, दार लोटून, दहा मिनिटं. मैदानात नाही. नसेल तर पेटी उतरवण्याआधी त्याच्या थोरल्या भावाला बाजूला घेऊन सरळ सांग. आई विचारेल, "त्याला फार त्रास झाला का रं?" जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच बोल. ठिकाण, खबर कुणी दिली, किती जण होते, हे पत्रकारालाही नाही आणि सरपंचालाही नाही.

केशरी पट्टा डोक्याकडे. हे तुला शिकवायला नको, पण पेटी विमानातून गाडीत, गाडीतून ट्रॅक्टरवर चढते तेव्हा फिरते आणि डोकं कुठल्या अंगाला हेच कुणाला सांगता येत नाही. डोक्याच्या बाजूला मार्करने खूण कर. झेंडा दोरीने आवळ, खिळा-टाचणी नको. अग्नी देण्याआधी तो काढायचाच. जळू द्यायचा नाही, जमिनीलाही टेकू द्यायचा नाही. चौघांनी आडवा ताणून धरायचा, केशरी आणि हिरवा पांढऱ्याखाली मुडपायचा, मग पांढरा दोन्हीकडून आत घ्यायचा. वर चक्र आणि दोन्ही रंगांची किनार दिसली की घडी बरोबर. दोन्ही तळव्यांवर ठेवून वीरपत्नीच्या हातात दे. आईही तिथंच उभी असते, हे विसरतात. टोपी आणि वर्दी तिच्या हातात गेली तर घरात पुढं कटकट होत नाही.

तू दुसरीत होतास तेव्हा पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याची गाठ मारलीस, ती सुटेनाच. गुरुजी खांबाला शिडी लावत होते आणि तू खाली सावधानमध्ये. हसलो होतो आम्ही.

फैरींचं बघ. रायफल ब्लँकवर, म्हणजे बिनगोळीच्या काडतुसावर, आपोआप पुन्हा भरत नाही, दर फैरीला हाताने कॉक करावी लागते. हे विसरलं की दुसऱ्या फैरीला निम्म्याच रायफली वाजतात आणि गर्दीत कुणीतरी हसतं. पोलिसांचीही तुकडी असेल तर आधी कुणाची सलामी हे तासभर आधी ठरवा. वरून विजेची तार जाते का तेही बघून ठेवा. लास्ट पोस्टच्या, म्हणजे निरोपाच्या धूनच्या वेळी "अमर रहे" सुरू झालं की बिगुल बुडतो. माईकवाल्याला आणि डीजेवाल्याला आधीच गाठून सांग, शोक शस्त्रची, म्हणजे रायफली उलट्या धरायची आज्ञा झाली की सगळं बंद. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची घोषणा त्यानंतर कितीही द्या.

फ्लेक्सवर शहीदच लिहितील. लष्कराने २०२२ मध्ये तो शब्द वापरू नका म्हणून कळवलंय, पण तिथं कुणाशी वाद घालू नकोस. त्या पोरीला "आता हिचं कसं" म्हणणाऱ्या बायकांना मात्र जरा लांब बसव. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात पडले आणि त्यांच्या पत्नी स्वातीताई २०१७ ला लेफ्टनंट झाल्या, हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्याच घरात घडलंय. पण हेही तिला आज सांगू नकोस. आज तिला पाणी दे.

दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्याग चक्रात त्याच्या नावाची ग्रॅनाइटची वीट बसेल. नंबर, हुद्दा, नाव यांचं स्पेलिंग रेकॉर्डशी ताडून घ्यायला भावाला सांग. बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत पडला, अशी नोंद झाली की त्याच्या बायकोला लिबरलाइज्ड, म्हणजे वाढीव, फॅमिली पेन्शन मिळेल. पण त्याने लग्नाची नोंद केली नसेल तर तिला दाखले आणि प्रतिज्ञापत्रं जोडून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागेल. म्हणून म्हणतो. तुझ्या किंड्रेड रोलवर, म्हणजे घरच्या माणसांच्या नोंदीत, अजून तुझ्या आईचंच नाव असेल. ग्रुप इन्शुरन्सचा नॉमिनीसुद्धा बदल. परत लेक्चर झालं, माफ कर. काल ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही येत नाही.

एस्कॉर्टला तुलाच निवडलं, म्हणजे साहेबांचा तुझ्यावर भरवसा आहे. छाती भरून यावी अशी गोष्ट आहे, आणि मी उठून फाटकापर्यंत जाऊन परत येतोय.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघालात की गाडी आपल्या फाट्यावरून जाईल. थांबायचं नसतं, थांबू नकोस. आम्ही उभे असू. तुझ्या आईला न सांगताच कळलंय, सकाळीच तिने माळ्याकडून फुलांची टोपली आणवलीय. तू पुढच्या सीटवर डाव्या अंगाला बसशील ना? फाटा डावीकडे आहे.

युनिटला पोहोचलास की पहिल्याच दिवशी क्लार्ककडे जा.

तुझा,
नाना